टेस्टरच्या लेकीची गाडी

माझ्या धाकट्या भावाला सगळा बाजार टेस्टर म्हणतो. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. शर्टाच्या वरच्या खिशात टेस्टर खोचल्याशिवाय हा माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. स्वतःच्या लग्नातही तो खिशात होता, फोटोत चांगला ठळक दिसतो. मी त्याची थोरली बहीण. गाड्यांच्या वायरिंगचं आमचं दुकान आहे, पाने-पकडी त्याच्या आणि काउंटर माझं. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याला जमत नाही आणि गाडीखाली शिरणं मला जमत नाही, त्यामुळे तीस वर्षं आमचं बरं चाललंय.

बोलणं जमत नाही म्हणजे किती, तर गिऱ्हाईक विचारतं, "काय झालं होतं हो गाडीला?" आणि हा म्हणतो, "झालं." बस्स. पुढचं सगळं मी सांगायचं. मला याचा राग येतो आणि मी तो गिळून वगैरे बसत नाही, तिथल्या तिथे बोलून टाकते. तो ऐकतो, मान हलवतो आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घालतो.

त्याचा दुसरा गुण असा, की केलेलं काम त्याला सोडवत नाही. हेडलाइट दुरुस्त करून दिला, की चौथ्या दिवशी हा त्या माणसाच्या घरासमोर जाऊन उभा. कशाला, तर लाइट लागतोय ना बघायला. लोकांना याचं कौतुक वाटतं. घरात राहणाऱ्यांना विचारा. भावजय गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून ही सगळी तपासणी पोरीच्या वाट्याला आली. डबा खाल्ला का, बूट घट्ट नाहीत ना, सायकलचा ब्रेक लागतो ना. पोरगी माझ्या हाताखाली वाढली, त्यामुळे बोलायला माझ्यासारखी. आता तिशीची आहे आणि बापाला दिवसातून दोनदा तरी सांगते, "बाबा, पुरे."

दीड वर्षापूर्वी तिने एक इलेक्ट्रिक गाडी घेतली. उंच, मागून उतार खाली सोडता येतो, म्हणजे चाकाची खुर्ची सरळ आत. डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात न्यायचं आणि परत आणायचं, असं काम तिने धरलं. आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळेला. त्या लोकांचं मशीन ठरलेलं असतं, वेळ चुकली की मशीन दुसऱ्याला जातं आणि हे ताटकळत बसतात. पोरीने काम जीव लावून केलं. दवाखान्याच्या मॅनेजरबाईंनी तिला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं, नीट झालं तर कायमचं. अट एकच होती: गाडीत कॅमेरा हवा, आणि गाडी उभी असतानाही तो चालू हवा. पेशंटच्या घरासमोर गाडी थांबते, मागचा उतार खाली असतो, येणारे-जाणारे घासून जातात आणि मग भांडण दवाखान्याच्या दारात येतं. बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

आता ज्या घरात तीस वर्षं वायरिंग चालतंय, तिथली मुलगी कॅमेरा बाहेरून बसवून घेईल का? पोर म्हणत होती, की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारते. टेस्टरचं तोंड एवढंसं झालं. मी तिला डोळ्यांनी खूण केली. ती म्हणाली, "बरं बाबा, तुम्हीच बसवा."

त्याने बसवलाही सुरेख. वायर कुठे दिसायला तयार नाही, सगळी कडेच्या पट्टीत दाबलेली. आणि चूक केली ती अशी, की नवशिक्याने कधी केली नसती. या कॅमेऱ्यांच्या वायरीबरोबर एक डबी मिळते. गाडीची बॅटरी उतरायला लागली, की ती डबी कॅमेऱ्याचा पुरवठा तोडते. पेट्रोलच्या गाड्यांना ती हा स्वतः न विसरता लावायचा. इथे ती डबी त्याने माझ्या काउंटरवर आणून ठेवली. मी विचारलं, "हिचं काय?"

"हिला नको," म्हणाला. "एवढी मोठी बॅटरी आहे पोटात. चारशे किलोमीटर जाते. काडेपेटीएवढा कॅमेरा तिचं काय खाणार?"

मलाही पटलं. कुणालाही पटलं असतं. आणि त्याने वायर जोडली ती कायम चालू असणाऱ्या फ्यूजला, म्हणजे गाडी बंद असली तरी कॅमेरा चालू.

शुक्रवारी संध्याकाळी पोरीने गाडी घराशेजारच्या मोकळ्या जागेत लावली. सोमवारी सकाळी साडेसहाला निघायची, तर गाडी दार उघडेना. किल्लीचं बटण दाबून दाबून तिचा अंगठा दुखला. शेवटी किल्लीच्या पोटात एक लोखंडी पट्टी असते, ती काढून दार उघडलं. आत सगळा अंधार, पडदा काळा. आदल्याच दिवशी फोनमध्ये बघितलं होतं तिने, ऐंशी टक्के चार्ज.

टेस्टर बनियनवरच धावला. बॉनेट उघडलं तेव्हा त्याला ती दिसली: कोपऱ्यात एक छोटी बॅटरी, साध्या गाडीत असते तशीच, किंबहुना तिच्याहूनही लहान. गाडीचं दार, दिवे, पडदा, कॅमेरा हे सगळं त्या छोटीवर चालतं. मोठी फक्त चाकं फिरवते, आणि तिलाही जागं करायला छोटीच लागते. गाडी बंद केली की मोठी स्वतःला पूर्ण तोडून घेते. काही गाड्यांमध्ये ती मधूनमधून छोटीला भरते म्हणे, या गाडीत तशी सोय नव्हती. अडीच दिवसांत त्या काडेपेटीने छोटीला पार चाटून पुसून टाकलं होतं. मोठी भरलेली, पण तिला उठवायला कुणी नाही.

दुकानातून बूस्टर, म्हणजे उतरलेली बॅटरी उठवायचं यंत्र, आणून त्याने गाडी जागी केली. त्यात पाऊण तास गेला. त्या सोमवारी पहिला पेशंट होते मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, दोन्ही पाय थकलेले. ते साडेसहापासून दारात खुर्चीवर बसून होते. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं मशीन दुसऱ्याला गेलेलं. दुपारी तीनला त्यांना मशीन मिळालं, तोवर अंगावर सूज आणि धाप. मास्तर पोरीला एक शब्द बोलले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. मॅनेजरबाई मात्र बोलल्या. "तुमचं काम चांगलं आहे. पण हे पुन्हा एकदा झालं, तर मला दुसरी गाडी बघावी लागेल."

संध्याकाळी पोर घरी आली, चप्पल काढली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्या गाडीला आता हात लावायचा नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. टेस्टरने मान हलवली. रात्री जेवताना घास हातात धरून बसला. मी म्हटलं, "अरे, चूक झाली, संपलं." तो म्हणाला, "मास्तरांना धाप लागली ताई."

पोरीने दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोन केला. ते म्हणाले, कॅमेरा काढून टाका. दवाखाना म्हणतो कॅमेरा पाहिजे, वर्कशॉप म्हणतं काढा, आणि पोर मध्ये. ती रोज कॅमेऱ्याची वायर हाताने उपसायची आणि हाताने लावायची. आठवडाभर हे चाललं. एकदा लावायची विसरली आणि नेमकी त्याच दिवशी कुणीतरी मागचा दिवा फोडून गेलं.

इकडे टेस्टर काय करत होता, तर मोजत होता. गाडीला हात लावायची बंदी, म्हणून तशीच छोटी बॅटरी विकत आणून टेबलावर ठेवली, तिला तसाच कॅमेरा जोडला आणि दर दोन तासांनी मीटर लावून आकडा वहीत. तीन दिवस वही भरली. माझ्या काउंटरवर त्याच्या तारा पसरल्या होत्या, गिऱ्हाइकाला सुटे द्यायला जागा नाही. चौथ्या दिवशी त्याने वही पोरीसमोर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोलला.

त्याचं म्हणणं असं. कॅमेऱ्याला स्वतःची वेगळी बॅटरी द्यायची, जेवणाच्या डब्याएवढी, ड्रायव्हरच्या सीटखाली. तिची वायर अशा फ्यूजला जोडायची, की जो गाडी चालू असेल तेव्हाच जिवंत असतो. गाडी चालते तोवर डबा भरेल. गाडी उभी राहिली की कॅमेरा त्या डब्यातून खाईल, साधारण एक दिवस. डबा संपला की कॅमेरा बंद, आणि गाडीच्या छोट्या बॅटरीला त्याचा पत्ताही नाही.

"हा डबा तुझ्या उभ्या गाडीचं काही खाणार नाही," तो म्हणाला. "कॅमेरा उपाशी राहील. गाडी नाही."

पोरीने वही उलटसुलट पाहिली. "एक रविवार देते," म्हणाली. "मी समोर बसणार."

रविवारी ती खरंच दारात स्टूल टाकून बसली. काम झाल्यावर त्याने गाडी बंद करून मीटर लावला. गाडीकडून डब्याकडे जाणारा प्रवाह शून्य. पोरीने मान हलवली, बापासारखीच.

महिनाभर सगळं सुरळीत. मग दवाखान्याने पोरीला आठ दिवसांच्या शिकवणीसाठी दुसऱ्या गावी पाठवलं. पेशंटला उचलायचं कसं, अचानक चक्कर आली तर काय करायचं, असलं शिक्षण. तेवढे दिवस पेशंट आणायला दुसरा ड्रायव्हर, त्याच्या गाडीसकट. ती रविवारी रात्री परत येणार, सोमवारी सकाळी पुन्हा मास्तर, आणि त्याच सोमवारी तिचे सहा महिने पुरे होत होते. मॅनेजरबाई त्या दिवशी कायमचं ठरवणार होत्या. म्हणजे गाडी आठ दिवस उभी राहणार आणि नवव्या दिवशी तिने उठलंच पाहिजे.

जाताना पोरीने जादाची किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव आत्या. बाबांना देऊ नकोस."

मी दिली. दुसऱ्याच दिवशी दिली. काउंटरसमोर येऊन उभा राहिला, काही मागितलं नाही, नुसता उभा. असा चेहरा केला, की दगडाने दिली असती. म्हणाला, "लांबून बघतो फक्त."

लांबून म्हणजे आमचं घर आणि दुकान यांच्यामध्येच ती गाडी उभी. हा सकाळपासून वीस वेळा तिच्या बाजूने जायचा. चहाला घरी, पान्याला दुकानात, पुन्हा घरी. जाताना थांबायचा, डोकावायचा. बाजूचे आरसे आपोआप उघडायचे, दाराचा दिवा लागायचा, आणि हा खूश. मला येऊन सांगायचा, "उठते गं ताई, ठणठणीत आहे."

सहाव्या दिवशी दुपारी त्याचा धीर सुटला आणि त्याने बॉनेट उघडून छोट्या बॅटरीला मीटर लावला. आत आला आणि मीटर माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. आकडा उतरला होता. पार नाही, पण जितका असायला हवा त्याच्या बराच खाली.

"डबा तर पाचव्या... नाही, दुसऱ्याच दिवशी संपला. कॅमेरा बंद आहे," तो म्हणाला. "मग खातंय कोण?"

तो खाली बसला आणि वहीची पानं मागेपुढे करायला लागला. "मी कॅमेराच उपटून टाकतो," म्हणाला. "मला येत नाही हे काम. पोर खरं सांगत होती."

मी काउंटरवर बसते. माझं काम बघण्याचं. गिऱ्हाईक कुठून आलं, कुठे बघतंय, काय खिशात घालतंय, तीस वर्षं तेच करते. मी सहा दिवस त्या गाडीकडेही बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर जे होतं ते मला त्या क्षणी कळलं.

"अरे, मी गेले तर आरसे उघडत नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"मी दिवसातून दहादा त्या गाडीला घासून जाते. ती ढिम्म. तू गेलास की उघडते."

त्याने खिशाला हात लावला. किल्ली टेस्टरच्या शेजारीच होती. ती काढून त्याने तळहातावर धरली. मग डोक्याला हात लावून हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

गाडी किल्ली ओळखते. मालक आला असं तिला वाटतं, मग ती उठते, दिवे लावते, दार उघडायची तयारी करते, दहा मिनिटं वाट बघते आणि पुन्हा झोपते. झोपते न झोपते तोवर हा पुन्हा हजर. दिवसातून वीसदा. छोटीला तो कॅमेरा खात नव्हता. तिला माझा भाऊ खात होता.

"पोरगी शाळेत असताना हेच करायचास," मी त्याला म्हणाले, कारण मला राहवलं नाही. "झोपली का बघायला दार उघडायचास आणि ती जागी व्हायची. मग म्हणायचास, हिला झोप का लागत नाही."

तो म्हणाला, "ती रडेल म्हणून बघायचो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. आणि ते खरंच माहीत होतं. आईशिवाय झोपणारी पोर रात्री रडत असेल आणि आपल्याला कळलंच नाही, या भीतीने तो तिच्या दाराशी कित्येक वर्षं उभा होता. तेवढ्यासाठी मी त्याला सगळं माफ केलेलं आहे, फक्त सांगत नाही.

मग त्याला वाटलं, गाडी तासभर चालू करून ठेवावी, छोटी भरून जाईल, आणि पोरीला काही कळायचंच नाही. मी म्हटलं, "भर हवी तर. पण तिला सांगून." तो तयार होईना. मीच फोन लावला आणि त्याच्या हातात दिला, आणि माझीही चूक सांगायला लावली, की किल्ली आत्याने दिली.

पोरीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती म्हणाली, "बाबा, डब्याचा काही दोष नाही ना?"

"नाही. डबा बरोबर आहे."

"नक्की?"

तो थांबला. "नक्की," म्हणाला.

"मग गाडी चालू करू नका. किल्ली घरात एकदम मागच्या खोलीत ठेवा आणि दोन दिवस तिच्याकडे जाऊ नका. आता भरून ठेवलीत, तर सोमवारी ती का उठली हे मला कसं कळणार? मग रोज पोटात गोळा घेऊनच उठायचं मी. तुम्ही नक्की म्हणताय ना, मग मी धरून चालते."

कामाचा निकाल लागायचा दिवस, आणि ही पोर म्हणते धरून चालते. टेस्टरने फोन ठेवला, किल्ली मागच्या खोलीतल्या कपाटात अंथरुणाखाली सरकवली आणि पुढचे दोन दिवस लांबच्या रस्त्याने वळसा घालून दुकानात आला. चहालासुद्धा घरी आला नाही, माझ्याकडून मागवला. दोनदा गाडीच्या दिशेने निघाला, तेव्हा मी नुसतं खाकरले.

रविवारी पोर परत आली, जेवली, झोपली. सोमवारी सहाला मी स्वयंपाकघरात आले तर टेस्टर आधीच टेबलाशी बसलेला, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. शेजारी बूस्टर, चार्ज करून ठेवलेला. पोर केस विंचरत आली, उभ्यानेच चहा प्यायली, दोघांकडे बघितलं. "येऊ नका," एवढंच म्हणाली आणि गेली.

आम्ही बसून राहिलो. या माणसाने उभं आयुष्य गाडी चालू झाली की नाही ते कानांनी ओळखलंय. पण या गाडीला आवाजच नाही. चालू झाली तरी नाही, नाही झाली तरी नाही. तो कान देऊन बसला होता आणि ऐकायला काहीच नव्हतं. घड्याळात पाच मिनिटं झाली. सात झाली. तिची हाक आली नाही. दहा मिनिटांनी मी म्हटलं, "जा बाबा आता, बघ."

तो उठला, खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मीही मागून गेले. बाहेर जागा रिकामी होती. गाडी गेली होती. फरशीवर जिथे ती आठ दिवस उभी होती, तिथे धुळीत स्वच्छ चौकोन राहिला होता.

दहाच्या सुमारास पोरीचा फोन माझ्याकडे आला. मास्तर वेळेवर पोचले. मॅनेजरबाईंनी कागदावर सही केली. मी टेस्टरला सांगितलं, त्याने मान हलवली आणि पकड हातात घेतली. रात्रीच्या जागरणाने डोळे अजून लाल होते.

मी त्याला विचारलं, "निघताना तुला एक हाक मारली नाही तिने. वाईट वाटलं का रे?"

"नाही," तो म्हणाला. "मारली असती तर वाटलं असतं."